भात नव्हे, केंदाळ

कलादालनात, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यासमोर चार प्रतिष्ठित माणसं पीक कोणतं यावर वाद घालत होती.

चित्र भिंतभर मोठं होतं. पलीकडच्या काठावर कोल्हापूर: घाटाच्या पायऱ्या, दीपमाळा, देवळांची शिखरं, त्यांच्यामागे पाण्याची टाकी आणि अर्धवट बांधलेल्या इमारती. अलीकडे, अगदी पुढ्यात, सात-आठ पुरुष कमरेपर्यंत हिरव्यात बुडालेले. सगळ्यांच्या खांद्यावरून एकच जाड दोर गेलेला. माना खाली, अंगं एकाच बाजूला कललेली. त्या हिरव्यात मधूनमधून फिक्या जांभळ्या रंगाची फुलं होती आणि एका कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा कॅन तरंगत होता.

"ऊस न्हवं, एवढं नक्की," एका साखर कारखान्याचे संचालक म्हणाले. "उसाचं पान असलं नसतंय."

"आळू असंल," दुसऱ्यांनी सुचवलं.

"एवढं आळू? सगळ्या जिल्ह्याला वड्या घालायच्यात का काय?"

"फुलं बघा की. वांगं हाय ते."

"वांग्यात दोर घिऊन कोण उतरतंय, पावणं?"

सगळे हसले. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्राच्या अगदी जवळ गेले आणि निकाल दिला, "काय का असंना, युरिया जादा झालाय. पान बघा कसं काळं पडलंय."

त्या दिवसभरात त्या दालनात बोललं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. कारण ते पीक नव्हतंच. ते केंदाळ होतं, म्हणजे जलपर्णी. उन्हाळ्यात पंचगंगा थांबते आणि बंधाऱ्यापाशी जे हिरवं जाड कांबळं तिच्या अंगावर चढतं ते केंदाळ. शहराचं सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि ह्याच लोकांच्या शेतांतून वाहून आलेला युरिया खाऊन ते माजतं. ते काढायला रोजंदारीवर माणसं लावतात. रिकामे कॅन बांधलेला दोर नदीत आडवा टाकायचा, पाण्यात उतरून तो खांद्यावर घ्यायचा आणि केंदाळ जाळ्यासारखं काठाला ओढत आणायचं, अशी ती पद्धत. आयुष्यभर शेतीच्या मिळकतीवर जगलेली चार माणसं त्या चित्रासमोर उभी होती. हिरवं दिसलं की त्यांना पीकच दिसतं, आणि पीक दिसलं की ते आपलंच असतं.

मला हे माहीत होतं कारण चित्रातला पुढून दुसरा माणूस माझा मामा आहे. कान दिसतात तेवढ्यावरून कुणीही ओळखेल. चित्रकार काठावर येऊन बसायला लागला तेव्हा मामानंच घरी येऊन सांगितलं होतं, "एक मास्तर येतोय. आमास्नी रंगवतोय. मी दाढी करून जातोय आता रोज."

तेवढ्यात त्या मास्तरांना बोलावण्यात आलं. शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, खांद्यावर नुकतीच मिळालेली शाल. आयुष्यभर ह्यांनी पुढाऱ्यांची आणि पुढाऱ्यांच्या वडिलांची तैलचित्रं केली. गालांवर गुलाबी रंग चढवण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही. आणि म्हातारपणी एकदाच ते नदीवर गेले, उन्हात बसले आणि जे दिसलं ते काढलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या पाया पडायला तयार होते.

"मास्तर, वाद मिटवा ह्यांचा," प्रमुख पाहुणे म्हणाले. "कसलं पीक हाय ह्ये?"

मास्तरांनी चित्राकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे पाहिलं.

"भात, साहेब. लावण चाललीय."

"बघा, मी म्हणत नव्हतो?" पाहुणे म्हणाले. त्यांनी तसं काहीही म्हटलं नव्हतं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. दीपप्रज्वलन झालं, फेटे झाले, आणि भाषणात त्या भाताला लोंब्याही आल्या. अन्नदात्याला वंदन झालं. काळ्या आईची लेकरं झाली. निळा कॅन फवारणीचा ठरला. ज्या कारखान्याच्या ट्रस्टनं हे दालन बांधलं होतं त्याचे संचालक पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. चित्र ट्रस्टनं विकत घेतल्याचं जाहीर झालं तेव्हा टाळ्या इतक्या वाजल्या की वाटलं, केंदाळसुद्धा ह्यांनीच लावलंय. तसं ते होतंच म्हणा.

चित्रातल्या एकाही माणसाला त्या कार्यक्रमाचं बोलावणं नव्हतं.

मला बोलावणं होतं ते वेगळ्या कामासाठी. दालनाचं काम बघणारे एक प्राध्यापक आहेत. ह्या चित्राखाली कायमची लावायची पाटी त्यांना लिहून हवी होती. "पाच-सहा ओळी. तुमची भाषा जरा जोरकस असते," ते फोनवर म्हणाले होते. जोरकस म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसावं.

मी पत्रकांवर वाढले. हे शब्दशः खरं आहे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा छापखान्यात होते आणि संध्याकाळी चळवळीत. जयंतीची पत्रकं, मोर्च्याची, संपाची, पाणीपट्टीच्या निषेधाची. मी अक्षरं त्यांवरच शिकले. माझा पहिला वाचलेला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. गणितं मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली. आई भित्तिपत्रकांसाठी मैद्याची खळ शिजवायची आणि त्याच पातेल्यात दुसऱ्या दिवशी आमटी व्हायची. पत्रकाचा एकच नियम बाबांनी मला शिकवला होता: पहिल्या ओळीत काय झालं ते सांग, आणि कुणी केलं ते दुसऱ्या ओळीपर्यंत लांबवू नकोस. चित्राखालची पाटी म्हणजे माझ्या लेखी भिंतीला कायमचं चिकटवलेलं पत्रक. खळ न लागणारं.

कार्यक्रम संपल्यावर मी मास्तरांना चहाच्या टेबलापाशी गाठलं.

"मास्तर, भात?"

ते हसले. "अगं, चित्रकारानं अर्थ सांगायचा नसतो. अर्थ बघणाऱ्याचा."

"मग 'भात' कोण म्हणालं?"

"त्यांनी विचारलं. मी वाद मिटवला."

"आणि ती फुलं? तो कॅन?"

"रंगसंगती," ते म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवलं.

मी आतापर्यंत बरेच भित्रे लोक पाहिले आहेत. पण आपण स्वतः खरं काढलंय आणि ते कॅनव्हासवर वाळलंय, आता ते कुणीही पुसू शकत नाही, हे माहीत असूनही भिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ते बिस्कीट मोडून कपात पडलं. मला बरं वाटलं.

न्यायाचं बोलायचं तर आमच्या बाजूचे लोकही फार शहाणे नव्हते. बाबांचे एक जुने सोबती प्रदर्शन बघून आले आणि मला म्हणाले, "शोषणाचं चित्रण आहे, पण मुठी वळलेल्या दिसत नाहीत." मी म्हटलं, मुठी दोरावर आहेत. ते म्हणाले, तेच तर, प्रतिकाराची दिशा नाही. ह्या माणसाला मामाचा कान दाखवूनही उपयोग झाला नसता.

त्याच आठवड्यात मामा जेवायला आला. मी मनात सगळं रचून ठेवलं होतं. मामा भडकेल, त्याच्या टोळीतल्या माणसांना घेऊन दालनात जाईल, आम्ही सगळे मिळून जाब विचारू. मामा भडकला की आख्खी गल्ली बाहेर येते, त्यामुळे ही अपेक्षा काही चुकीची नव्हती.

"मास्तरानं काय सांगितलं माहीत आहे?" मी म्हटलं. "भात म्हणाला. तुम्ही भाताची लावण करताय म्हणाला."

मामाचा घास हातातच राहिला.

"भात म्हणाला?"

"हो."

"रान कुणाचं म्हणाला?"

"म्हणजे?"

"आमचंच का दुसऱ्याचं?"

"ते कुणी विचारलं नाही. अन्नदाता म्हणाले तुम्हाला. काळ्या आईची लेकरं."

मामानं ताट सरकवलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "आक्का! ऐकलंस का? मी अन्नदाता झालो!"

"मग भाकरी जरा कमी खा," आई आतून म्हणाली.

तो हसत सुटला. मला ते हसणं असह्य झालं.

"मामा, ते केंदाळ आहे."

"मला सांगतीस? ह्या मांड्या बघ माझ्या. आग हुतीया अजून."

"मग हे खोटं तुला चालतंय कसं?"

तो पाणी प्याला. मग सावकाश बोलला. त्याचं सावकाश म्हणजे बाकीच्यांचं मोठ्यानं.

"माझा बा नेसरीकडं दुसऱ्याच्या रानात लावण करत मेला. आईनं केली. तुझ्या आईनं केली. मीबी इकडं यायच्या आधी तेच करत हुतो. आमच्या नावावर कुटं बांधसुदीक न्हाय. आता एका मास्तरानं कापडावर का हुईना, मला रान दिलंय. आन तू त्यात केंदाळ सोडायला निघालीस व्हय?"

"चित्रातलं रान सातबाऱ्यावर येत नाही, मामा. तेवढ्यासाठीच तर देतात ते. चित्रात द्यायचं म्हणजे मग कुठं द्यायला लागत नाही."

"सातबाऱ्यावर येणार हाय का मग? तुझ्या बाच्या पत्रकानं आलं?"

आई बाहेर आली. बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. "त्यांचं नाव काढायचं न्हाय," ती भावाला म्हणाली, आणि मला म्हणाली, "आन तू जेव."

"मी काय वाईट बोललो का?" मामा म्हणाला. "दाजी सोन्यासारखा माणूस. पण आक्का, तूच सांग. लोकं बघायला येणार. पोरंबाळं येणार. त्यास्नी मी घाणीत उतरल्याला दिसू का रानात उतरल्याला दिसू?"

आईनं त्याला भाकरी वाढली. ती कुणाच्या बाजूला आहे हे मला आजही माहीत नाही, आणि विचारायची हिंमत माझ्यात नाही असं नाही, विचारलं तर ती मला भाकरी वाढेल हे मला माहीत आहे.

त्या रात्री मी मामावर चिडले ती अजून चिडलेलीच आहे. कुणी म्हणेल, गरीब माणसाला एवढं तरी सुख घेऊ दे. हे 'एवढं तरी' ज्यांनी शोधून काढलं त्यांचा मला तिटकारा आहे. आमच्या आज्यानं धर्म सोडला तो गोड गैरसमजात जगणं सोडण्यासाठी. दुसऱ्यानं आपल्याला भलतंच कुणीतरी म्हणावं आणि आपण त्यावर खूश व्हावं, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. त्यात नवीन काही नाही. फक्त ह्या वेळी चौकट सागवानी होती. आणि घाण मामाची नव्हतीच. घाण पहिल्या रांगेत फेटे बांधून बसली होती. मामा ती काढत होता. त्यानं लाजायचं आणि त्यांनी मान डोलवायची, हा हिशेब मला मान्य नव्हता.

पाटी मी लिहिली ती अशी:

'कोल्हापूर, नदीकाठ. पुढे दिसतं ते शेत नाही. ते केंदाळ आहे. शहराचं सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि शेतांतून वाहून आलेलं खत ह्यांवर ते वाढतं. ही माणसं रोजंदारीवर पाण्यात उतरून ते दोरानं ओढून काढतात. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा येतं.'

प्राध्यापकांनी ती दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर अजीर्ण झाल्यासारखं काहीतरी आलं.

"छान आहे. फारच छान. 'मळी' तेवढी काढू या का?"

"का?"

"लय बिघडते."

"मग 'सांडपाणी' राहू द्या म्हणता?"

"सांडपाणी सर्वांचं असतं," ते म्हणाले. हे वाक्य खरं तर त्यांनी दालनाच्या दारावर कोरून घ्यायला हवं. "आणि मास्तर स्वतः भात म्हणालेत. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातही तसं आलंय. आपण मधला मार्ग काढू. 'हिरवाईत रमलेले श्रमिक' असं काहीतरी."

"रमलेले?"

"गुंतलेले म्हणा हवं तर."

मी माझा कागद परत घेतला. "तुम्हीच लिहा पाटी. मी हेच पत्रकावर छापते आणि दालनाच्या दारात उभी राहून वाटते. चित्र विकत कुणी घेतलंय तेही घालते खाली."

त्यांनी कागद माझ्या हातातून इतक्या चपळाईनं काढून घेतला की माझं बोट कापलं. त्या माणसाला खऱ्याची भीती नव्हती. भिंतीवर खरं आणि दारात शांतता असेल तर त्याची काही हरकत नव्हती. "लावू या, लावू या," ते म्हणाले. "नाहीतरी पाट्या वाचतंय कोण?"

पाटी लागली. अक्षर त्यांनी शक्य तितकं बारीक ठेवलं, पण मळीसकट लागली.

पुढच्या रविवारी मामा दालनात आला. टोळीतले दोघे सोबत होते, केसांना कलप केलेला होता आणि अंगात नवा निळा शर्ट होता. मी आधीच येऊन थांबले होते. तो चित्रासमोर उभा राहिला आणि त्यानं चित्रातल्या स्वतःला डोक्यापासून कमरेपर्यंत न्याहाळलं.

"पोट जरा जास्तच काढलंय," शेवटी तो म्हणाला.

"खरंच काढलंय," सोबतचा एकजण म्हणाला.

"गप ए."

मग त्यानं वाकून पाटी वाचली. ओठ हलवत, बोट एकेका शब्दाखालून नेत. वाचून झाल्यावर सरळ उभा राहिला आणि माझ्याकडं पाहिलं. चिडला नव्हता. एखाद्या हट्टी जनावराकडं बघावं तसं पाहिलं, म्हणजे ह्याला ओढून उपयोग नाही, वळसा घालून जायला पाहिजे.

तेवढ्यात वारणानगरहून आलेलं एक कुटुंब चित्रापाशी आलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. बाईनं पाटी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "पुढे दिसतं ते शेत..."

"ताई, ते ऱ्हाऊ दे," मामा मध्येच म्हणाला. "हिकडं बघा. ह्यो दोर धरल्याला. ह्यो मी."

बाई थांबली. चित्राकडं पाहिलं, मामाकडं पाहिलं, मग पुन्हा चित्राकडं. "अगंबाई, खरंच की!"

"कान बघा."

"काय करताय तुम्ही?"

"भाताची लावण. आमचंच रान."

मी म्हटलं, "मामा."

"दोर कशाला लागतो भाताला?" नवऱ्यानं विचारलं. शेतीतला माणूस असावा.

"वळी सरळ याला नगं का?" मामा जराही अडखळला नाही.

"आणि एवढं पाणी? कमरेएवढं?"

"त्या साली लई पडला की पाऊस."

सोबतचे दोघे खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. म्हातारीनं मात्र चित्राला हात जोडले. नवऱ्याला पटलं नव्हतं. त्यानं पाटी वाकून शेवटपर्यंत वाचली आणि माझ्याकडं वळला, कारण मी तिथं उभी राहून मामाकडं ज्या नजरेनं बघत होते त्यावरून माझा काहीतरी संबंध आहे हे कुणालाही कळलं असतं.

"नेमकं काय आहे हो हे?"

"पाटीवर आहे तेच," मी म्हटलं. "केंदाळ. हे खोटं बोलतायत."

"पाटी हिनं लिव्हलीया," मामा म्हणाला. "चित्रात मी हाय."

बाई हसली. तिनं पर्समधून मोबाईल काढला आणि म्हणाली, काका, एक फोटो घेऊ का तुमचा, चित्रासोबत? मामानं शर्ट सारखा केला, कॉलर वर केली आणि जाऊन उभा राहिला तो नेमका पाटीच्या पुढं.

मी त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला ओढलं. पाटी उघडी झाली. तो पुन्हा सरकला. मी पुन्हा ओढलं. बाई मोबाईल धरून थांबली होती, म्हातारी घाबरून लेकाच्या मागं गेली होती, आणि मामा फोटोसाठी हसतच होता. दात तसेच ठेवून तो हळूच म्हणाला, "सोड की गं. फाटंल. नवा हाय शर्ट."

मी सोडला नाही.